‘पिल्लू’ हे नाव प्रौढास शोभते याचा पुरावा सादर करणेबाबत

प्रति,
मा. नोंदणी अधिकारी,
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय,
तळमजला, जिन्याखालील खोली.

विषय : अर्जदाराच्या कन्येचे ‘पिल्लू’ हे नाव प्रौढ व्यक्तीसही शोभते याचा आपण मागितलेला पुरावा सादर करणे, व तो अर्जदाराच्या अंगावरून लवकरात लवकर उतरवून घेणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराच्या मूळ अर्जावर आपण लाल शाईने स्वहस्ते लिहिलेला शेरा.

महोदय,

१. अर्जदार हा बस आगाराच्या कार्यशाळेत फोरमन आहे. गाडीचे ब्रेक, स्टिअरिंग व इंजिन तपासून ती रस्त्यावर सोडण्यास लायक आहे की नाही, हे ठरवणे त्याचे काम. अर्जदाराने चाळिशी ओलांडली असून डोक्यावरचे केस मागे हटले आहेत, आवाज घोगरा आहे आणि हाताला ग्रीसचा वास कायमचा आहे. हे वर्णन स्वतःच्या कौतुकासाठी दिलेले नाही. पुढे ज्या चाचणीचा उल्लेख येणार आहे ती कोणत्या प्रकारच्या माणसावर झाली, हे आपणांस आधी माहीत असावे.

२. अर्जदारास लग्नानंतर पुष्कळ वर्षांनी कन्या झाली. ती ठरल्या वेळेच्या फार आधी झाली. तिचे वजन बसच्या ब्रेक लायनरपेक्षा कमी भरले व तिला काचेच्या पेटीत ठेवण्यात आले. त्या दिवसांत नाव सुचवण्यास घरात कोणी धजावले नाही. “नाव ठेवलं आणि मग…” एवढे बोलून अर्जदाराची पत्नी थांबे, आणि ते वाक्य पुरे करण्याची हिंमत अर्जदारासही नव्हती. पेटीजवळ एक परिचारिका होती. ती सकाळी आत येताच म्हणे, “काय गं पिल्लू, आज तरी पिणार का दूध?” त्या हाकेला कन्या हाताचे बोट हलवी. सदर परिचारिका खोलीतील सर्वच बाळांना पिल्लू म्हणत असे, ही बाब अर्जदाराच्या फार उशिरा लक्षात आली. तोपर्यंत कन्या घरी आली होती आणि दुसरे कोणतेही नाव तिला चिकटत नव्हते. अर्जदाराच्या पत्नीने विषय एका वाक्यात संपवला : “ज्या हाकेला ती राहिली, तीच हाक तिला राहू दे.”

३. त्याप्रमाणे अर्जदाराने आपल्या कार्यालयात ‘पिल्लू’ या नावाने नोंदीसाठी अर्ज केला. त्यावर आपण पुढीलप्रमाणे शेरा मारला : “सदर नाव बालवयापुरते ठीक. प्रौढ व्यक्तीस शोभणार नाही. शोभत असल्यास तसा पुरावा सादर करावा, अन्यथा दुसरे नाव सुचवावे.” हा शेरा आपण उपरोधाने लिहिला असावा, असे अर्जदाराच्या थोरल्या भावाचे मत पडले. तो म्हणाला, “अरे, साहेब तुझी टर उडवतोय, आणि तू पुरावा शोधतोस?” तथापि सरकारी कागदावर टर उडवली जात नाही, अशी अर्जदाराची पक्की समजूत आहे. सबब अर्जदार पुराव्याच्या मागे लागला.

४. पुरावा कसा आणावा, ही मोठी अडचण होती. कन्या प्रौढ होईपर्यंत थांबावे, तर तोपर्यंत आपण निवृत्त व्हाल. या नावाची प्रौढ व्यक्ती शोधावी, तर तशी सापडेना. चौकशीअंती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात पिल्लू नावाचे एक बोकोबा आढळले. ते वयाने प्रौढ होते व नाव त्यांना उत्तम शोभत होते, परंतु शेऱ्यात ‘व्यक्तीस’ असा स्पष्ट शब्द असल्याने तो पुरावा अर्जदाराने स्वतःच बाद केला.

५. अखेर अर्जदारास आपल्या धंद्यातलाच मार्ग सुचला. कार्यशाळेत एखादा नवा भाग आला आणि त्याविषयी शंका असली, तर तो नव्या कोऱ्या गाडीला कोणी लावत नाही. आधी जुन्या गाडीला लावून पाहतात. खड्ड्यांतून, चढावरून, ब्रेक करकचून दाबून गाडी पळवतात. भाग टिकला तर काढून नव्या गाडीला बसवतात. नाव हा भाग धरला, तर नवी गाडी कन्या आणि जुनी गाडी अर्जदार, हे उघडच होते. सबब अर्जदाराने आपले मूळ नाव तात्पुरते बाजूला ठेवून ‘पिल्लू’ हे नाव स्वतःस लावून घेतले.

६. येथे एक गोष्ट नमूद करणे भाग आहे. एकच भाग एका वेळी दोन गाड्यांना लावता येत नाही. घरात दोन पिल्लू झाली, तर नाव कोणाला शोभते आहे ते कळणार नाही व चाचणी वाया जाईल. म्हणून चाचणी चालू असेतो कन्येस त्या नावाने हाक मारायची नाही, असे अर्जदाराने ठरवले. पत्नीने विचारले, “मग हिला काय म्हणायचं? ए म्हणायचं?” अर्जदार उत्तरला की थोड्या दिवसांचा तर प्रश्न आहे. पत्नीस हे मान्य नव्हते, पण तिलाही दाखला हवा होता.

७. अर्जदाराने कार्यशाळेत चहाच्या वेळी सर्वांसमक्ष जाहीर केले की आजपासून आपणांस पिल्लू म्हणावे, हे सरकारी काम आहे. वेल्डर हातातला चहा तसाच ठेवून बसखाली सरपटत गेला व तेथे हसून आला. बॅटरीवाल्याने पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतली. पुढचे काही दिवस कार्यशाळेत कामापेक्षा हाकाच जास्त झाल्या. काम नसताना लांबलांबून माणसे येत, “पिल्लू” म्हणत आणि निघून जात. अर्जदाराने प्रत्येक हाकेला ओ दिली. चाचणीत अर्जदाराकडून कसूर झाली, असे कोणास म्हणता येणार नाही.

८. त्यानंतर मात्र नवल घडले. ज्या माणसांनी सांगितलेले काम कधी पहिल्या हाकेत केले नव्हते, ती माणसे कामे करू लागली. चाक खोलायचे राहिले असले की एक दुसऱ्याला म्हणे, “पिल्लूनं सांगितलंय ना, मग करून टाक की, त्याला कशाला दुखवायचं?” अर्जदाराने आजवर पुष्कळ आरडाओरडा करून जे साधले नव्हते, ते या नावाने गुपचूप साधले. आगारात एक चालक आहे. देह पहाडासारखा आणि राग नाकाच्या शेंड्यावर. अर्जदाराने त्याची गाडी ब्रेकसाठी रोखली की तो कार्यशाळेच्या दारातून गरजत येतो. त्या दिवशीही आला. “अरे पिल्लू,” एवढे म्हणून तो थांबला. पुढची शिवी त्या नावामागे बसेना. त्याने दोनदा प्रयत्न केला. शेवटी “बघ बाबा, तुला पटेल तसं कर” असे म्हणून बाकावर बसून राहिला. प्रौढ माणसास हे नाव शोभत नाही, असे म्हणण्यापूर्वी आपण एकदा त्या चालकास भेटावे, अशी नम्र सूचना आहे.

९. चाचणी प्रामाणिक असावी म्हणून नावाचे दोषही लिहितो. दवाखान्यात कंपाउंडरने “पिल्लू आत या” असे पुकारले, तेव्हा तीन आया आपापली मुले घेऊन उठल्या आणि अर्जदाराचा नंबर गेला. वाहतूक पोलिसास हे नाव सांगितले असता त्याने अर्जदारास तोंडाचा वास द्यावयास लावला. अर्जदाराच्या सासूबाई जावयास आजवर ‘अहो’ सुद्धा म्हणत नसत, भिंतीकडे पाहून बोलत. चाचणीस हातभार म्हणून त्यांनी हाक मारण्याचे कबूल केले व बराच विचार करून ‘पिल्लूराव’ म्हणाल्या. तेव्हापासून त्या अर्जदाराच्या तोंडाकडे पाहून बोलतात, सबब हा प्रसंग दोषात धरावा की गुणात, हे आपणच ठरवावे. नवराबायकोच्या भांडणात हे नाव टिकत नाही. खरे म्हणजे भांडणच टिकत नाही.

१०. थोरल्या भावाने अर्जदारास पिल्लू म्हणण्यास साफ नकार दिला. “घराण्याची अब्रू आहे” असे तो म्हणाला. त्याने कन्येसाठी एक भारदस्त नाव सुचवले, सहा अक्षरांचे. ते म्हणून पाहिले तेव्हा कन्या आपल्या पायाचा अंगठा चोखीत होती आणि ते नाव तिच्याजवळ वजनदार पेटाऱ्यासारखे नुसते पडून राहिले. घरातल्या घरात तर भारदस्त नावाच्या माणसालाही कोणी भारदस्त नावाने हाक मारत नाही. या मुद्द्यावर अर्जदारास एक नाजूक बाब नमूद करावी लागत आहे, क्षमा असावी. मूळ अर्ज देण्यासाठी अर्जदार आपल्या टेबलासमोर रांगेत उभा असताना आपणांस फोन आला. पलीकडून एका वृद्ध स्त्रीने आपणांस जी हाक मारली, ती रांगेत ऐकू आली. ते नाव अर्जदार येथे लिहीत नाही. तो ते कोणास सांगणारही नाही. एवढेच लिहितो की ती हाक कानी पडताच आपण खुर्चीतून अर्धवट उठलात आणि “हो आई, जेवलो” असे म्हणालात. त्यानंतर आपण पुढच्या माणसाचा अर्ज पूर्वीइतक्याच कडकपणे नाकारला. आपल्या अधिकारास त्या नावाने जराही बाधा आली नाही, याचा अर्जदार साक्षीदार आहे.

११. आता मुख्य पुरावा. कार्यशाळेतील सर्वांत जुन्या मिस्त्रींची पत्नी वारली. कामावर परतल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे पाने-पकडी मांडल्या, एक इंजिन खोलले आणि मग काम थांबवून अर्जदाराच्या खांद्यावर डोके ठेवले. म्हणाले, “पिल्लू, घर खायला उठतं रे.” अर्जदाराने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आसपास सगळे होते. वेल्डर होता, बॅटरीवाला होता. कोणीही हसले नाही. कोणालाही ते नाव ऐकू गेले नाही, ऐकू गेले ते फक्त दुःख. जे नाव अशा वेळी आड येत नाही, ते प्रौढास शोभते की नाही, हे ठरवायला आणखी कोणता पुरावा लागतो, हे अर्जदारास माहीत नाही. मिस्त्रींनी यास लेखी दुजोरा दिला असून तो सोबत जोडला आहे. कागदावर तेलाचा डाग आहे, त्यास इलाज नाही.

१२. ओघाने आले म्हणून लिहितो. अर्जदाराची आई गेल्याला बरीच वर्षे झाली. तेव्हापासून अर्जदारास कोणी लहान म्हणून हाक मारली नव्हती. या वयाच्या माणसाला साहेब म्हणतात, फोरमन म्हणतात, अहो म्हणतात, मागून आणखी काही म्हणतात. पिल्लू म्हणून कोणी बोलावले की अर्जदारास बरे वाटत असे. चाचणी लांबण्यास हेही एक कारण झाले असेल, हे अर्जदार नाकारीत नाही.

१३. पुरावा पुरेसा जमल्यावर अर्जदार आपल्या कार्यालयात आला. खिडकीवरील कारकून म्हणाले, साहेब रजेवर आहेत. पुन्हा आला, तेव्हा साहेब प्रशिक्षणास गेले होते. पुन्हा आला, तेव्हा साहेब होते पण शिक्का नव्हता. निकाल लागल्याशिवाय चाचणीचा भाग गाडीवरून काढत नाहीत, सबब नाव अर्जदारावरच राहिले. दरम्यान आगारात नवी माणसे भरती झाली, त्यांना अर्जदाराचे मूळ नाव ठाऊकच नाही. ध्वनिक्षेपकावरून “फोरमन पिल्लू यांनी ताबडतोब फलाटावर यावे” अशी पुकार होते आणि प्रवासीसुद्धा माना वर करत नाहीत. आगार व्यवस्थापकांनी अर्जदारास उशिरा आल्याबद्दल जे ज्ञापन दिले, तेही “श्री. पिल्लू यांनी लेखी खुलासा करावा” असे आहे. शासकीय कागदावर हे नाव प्रौढास लावले गेल्याचा हा उत्तम दाखला असल्याने अर्जदाराने त्या ज्ञापनाची प्रत आनंदाने सोबत जोडली आहे. चाचणी संपल्याचा कागद अर्जदाराने कार्यशाळेच्या फळ्यावर लावून पाहिला. खाली कोणीतरी लिहिले, “बरं पिल्लू.”

१४. येथवर सर्व ठीक होते असे अर्जदार समजत होता.

१५. या साऱ्या काळात कन्या मोठी होत होती. ती पालथी पडू लागली, रांगू लागली, भिंतीला धरून उभी राहू लागली. तिच्या लसीच्या कार्डावर ‘बाळ’ असे लिहिले आहे. पाळणाघराच्या बाई नावाशिवाय घेत नाहीत, म्हणून पत्नी अजून कामावर रुजू होऊ शकलेली नाही. घरी कन्येस ‘ए’, ‘इकडे बघ’, ‘सोड ते’ अशा हाका होत्या. पिल्लू ही हाक दिवसभर घरात होती, पण ती अर्जदारासाठी होती. शेजारी दारातून तीच मारीत, फोनवर सासूबाई तीच मारीत, आणि सवयीने पत्नीही तीच मारू लागली होती. कन्या हे सगळे ऐकत होती. ती ऐकत असेल, ही साधी गोष्ट अर्जदाराच्या ध्यानात आली नाही.

१६. परवा अर्जदार कामावरून घरी आला. कन्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिने अर्जदाराकडे पाहिले, दोन्ही हात वर केले आणि आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला. तो शब्द ‘पिल्लू’ हा होता. अगदी स्वच्छ, जोडाक्षरासकट. अर्जदाराने आनंदाने तिला उचलून घेतले. मग पत्नीने मागून कन्येस हाक मारली, “पिल्लू, इकडे बघ गं.” कन्या वळली नाही. तिने अर्जदाराच्या तोंडाकडे पाहिले, आई तुम्हाला बोलावते आहे, ओ द्या, अशा नजरेने. पत्नीने पुन्हा हाक मारली. कन्येने अर्जदाराच्या गालावर चापट मारली. पत्नी हसली आणि मग आत गेली. अर्जदार आत गेला तेव्हा ती ओट्याशी उभी राहून रडत होती. म्हणाली, “त्या पेटीत तिच्याजवळ दुसरं काय होतं हो? एवढी एक हाक होती. तीही तुम्ही घालून फिरताय.”

१७. त्या दिवसापासून पती-पत्नी दोघे कन्येस समोर बसवून ‘पिल्लू कोण?’ असे विचारतात. ती न चुकता अर्जदाराकडे बोट दाखवते आणि शाबासकीची वाट पाहते. तिला चूक म्हणणे अर्जदारास जमत नाही, कारण आगारात, बाजारात, ज्ञापनात आणि ध्वनिक्षेपकावर तिचे उत्तर बरोबर आहे. तोंडी सांगून हे मिटणारे नाही, अशी अर्जदाराची खात्री झाली आहे. हे नाव कोणाचे, हे आता कोणीतरी शिक्क्यानिशी सांगितले पाहिजे, आणि तो शिक्का आपल्याजवळ आहे.

१८. सबब अर्जदाराची हात जोडून विनंती की, ‘पिल्लू’ हे नाव बालकास शोभते हे आपण मान्य केलेलेच आहे, ते प्रौढासही शोभते हे वरील पुराव्यावरून मान्य करावे, आणि ते अर्जदाराच्या कन्येच्या नावे नोंदवून दाखला द्यावा. दाखला मिळताच अर्जदार तो कार्यशाळेत वाचून दाखवील व ध्वनिक्षेपकावरून पुकारील. तरीही अर्जदारास पिल्लू म्हणणाऱ्या वेल्डरचे काय करायचे ते आगार बघून घेईल. मग घरी जाऊन कन्येस मांडीवर घेईल आणि हे तुझे आहे, मी फक्त वापरून पाहत होतो, असे तिला सांगेल. तिला त्यातले काही कळणार नाही. तरी रोज सांगेल.

१९. पुराव्यात काही कमी असल्यास नाव नाकारण्यापूर्वी अर्जदारास बोलावून घ्यावे. आपण रजेवर असल्यास घरचा पत्ता कळवावा, अर्जदार तेथे येईल. या नावाचा अर्जदारास कंटाळा आला म्हणून ही घाई नाही. ते सोडताना त्याच्या जिवावर येणार आहे. पण जगात अर्जदारास ‘बाबा’ म्हणू शकेल अशी एकच व्यक्ती आहे, आणि अर्जदार पिल्लू आहे तोवर ती तसे म्हणणार नाही.

आपला नम्र व वाट पाहणारा,

(सही)
पिल्लू
(मूळ मालकिणीकडे नाव जाईपर्यंत)